सायकलीचा ब्रेक नीट कसा लागेल ?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेंतील दहावीचा एक विद्यार्थी साताऱ्याजवळील यवतेश्वरच्या घाटांतून सायकलीवरून खालीं येत असतां एका वळणावर रस्ता सोडून कडेच्या दगडांवर जाऊन आदळला. जीव वांचला, परंतु खांद्याजवळचें हाड मोडलें आणि पुढें दीड महिना उजवा हात गळ्यांत अडकवून त्यास वर्गांत बसावें लागलें. आम्ही त्याच्या घरीं समाचारास गेलों तेव्हां तो म्हणाला, “सर, माझी सायकल साधी आहे ना, म्हणून ब्रेक लागला नाहीं. डिस्क ब्रेकची असती तर थांबली असती.” शेजारींच त्याचे वडील उभे होते. ते कांहीं बोलले नाहींत. पण नवी सायकल त्यांच्या ऐपतीबाहेरची आहे हें आम्हांस ठाऊक होतें, आणि मुलाच्या त्या एका वाक्यानें अपघाताचा सारा दोष जणूं त्यांच्या गरिबीवर जाऊन बसला.

ती सायकल आम्हीं मागून घेतली व आमच्या ओट्यावर उलटी उभी करून पाहिली. पुढचा ब्रेक मुळीं नव्हताच. “पुढचा ब्रेक दाबला कीं माणूस डोक्यावर पडतो,” असें कोणीं तरी सांगितल्यावरून तो काढून माळ्यावर टाकला होता. मागच्या ब्रेकचीं रबरें सुकून काचेसारखीं गुळगुळीत झालीं होतीं. रिमेवर साखळीच्या तेलाचा काळा थर बसला होता. तार आपल्या नळींत गंजली असल्यामुळें हाताचा निम्मा जोर वाटेंतच खर्च होत असावा. हें सर्व दुरुस्त करण्यास रबरांचे दोन जोड, दोन तारा आणि हातभर नळी एवढेंच विकत आणावें लागलें. तो खर्च सिनेमाच्या दोन तिकिटांहून अधिक झाला नाहीं. माळ्यावरचा ब्रेक पुसून पुन्हां जागेवर बसविला.

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ही सायकल दोन वर्षें शाळेच्या आवारांत रोज आमच्या डोळ्यांसमोर उभी असे. तिला पुढचा ब्रेक नाहीं हें आम्हीं अनेकदां पाहिलें होतें, आणि आम्ही कांहीं बोललों नव्हतों. तेव्हां बोलावयाचें राहिलें तें आतां लिहीत आहों.

प्रथम डिस्क ब्रेकविषयीं. चिखलांत व पावसांत तो अधिक भरवंशाचा असतो यांत शंका नाहीं. परंतु विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, साध्या सायकलीचा ब्रेकही एका अर्थी डिस्क ब्रेकच आहे; त्याची चकती म्हणजे खुद्द रिम, आणि ती चाकाएवढी मोठी आहे ! केंद्रापासून जितक्या दूर घर्षण लावावें तितक्या थोड्या जोरांत चाक आवरतें. म्हणजे साध्या ब्रेकची मूळ रचना दुबळी नाहीं. तो दुबळा होतो तो मळानें, गंजानें, सुकलेल्या रबरानें आणि आपल्या आळसानें.

ब्रेकचें काम तरी काय ? बोटांचा जोर मुठींतील तरफेनें वाढवावयाचा, तो तारेवाटे चिमट्यापर्यंत न्यावयाचा, चिमट्यानें रबरें रिमेवर दाबावयाचीं, आणि त्या घर्षणानें चाकाची गति उष्णतेंत बदलून टाकावयाची. शेवटीं टायर व रस्ता यांमधील घर्षणानें सायकल थांबते. या वाटेवर एक जागा जरी बिघडली तरी बाकीच्या जागांचा चांगुलपणा फुकट जातो. म्हणूनच चांगलीं महाग रबरें आणून तेलकट रिमेवर बसविणारा मनुष्य पैसे पाण्यांत घालतो.

आतां थोडें गणित. ताशी २० किलोमीटर वेगानें जाणारी सायकल सेकंदास सुमारें साडेपांच मीटर पुढें जाते. कोरड्या सपाट डांबरी रस्त्यावर दोन्ही ब्रेक उत्तम लागत असतील तर ती सुमारें ३ मीटरांत थांबूं शकते. केवळ मागचा ब्रेक वापरला तर सुमारें ६ मीटर लागतात. आणि ब्रेकचा जोर पांचव्या हिश्शावर आला असेल तर १५ मीटरांहूनही अधिक. यांत संकट दिसल्यापासून बोटें आवळेपर्यंत जो एखादा सेकंद जातो तो धरलेला नाहीं; त्यांत आणखी साडेपांच मीटर निघून जातात. वेग दुप्पट झाला कीं थांबण्याचें अंतर दुप्पट होत नाहीं, चौपट होतें. नववीच्या वर्गांत गतिज ऊर्जेचें सूत्र पाठ करतांना त्यांतील वेगाचा वर्ग कशासाठीं आहे असें एका मुलानें आम्हांस विचारलें होतें. त्याचें उत्तर घाटांत मिळतें.

आमचें घर सांगलीस. तेथून मिरजेपर्यंत सायकल हांकीत गेलें तरी म्हणण्यासारखा चढउतार लागत नाहीं. पायडल मारणें थांबविलें कीं सायकल आपोआप मंदावते. अशा गांवीं ब्रेकची परीक्षा सहसा होतच नाहीं. आम्ही स्वतः तेथें सायकल शिकलों, आणि कित्येक वर्षें ब्रेकऐवजीं पायांतील चप्पल पुढच्या टायरावर टेकवून काम भागविलें. साताऱ्यास नोकरीस आल्यावर पहिल्याच आठवड्यांत राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे उतरणाऱ्या रस्त्यानें ती चप्पल आणि तो भ्रम दोन्ही झिजविलीं. (शिक्षकानें सायकलींत डोकें घालणें हें आमच्या भागास नवें नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकवीत असतांना त्यांनीं व त्यांच्या बंधूंनीं १८८८ मध्यें बेळगांवास सायकलीचें दुकान काढलें. पुढें नांगर व कडबा कापण्याचीं यंत्रें आलीं, आणि १९१० मध्यें औंध संस्थानांतील कुंडल रोड स्टेशनाजवळ जो कारखाना उभा राहिला त्याचीच आजची सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडी झाली.)

सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेसातशें मीटर उंचीवर आहे आणि कासचें पठार सुमारें १२०० मीटर. पठारावरील फुलें पाहून कोणी ८० किलो वजनाचा स्वार सायकलीसह परत शहरांत आला, तर तो जवळजवळ साडेचारशें मीटर उतरतो. एवढ्या उतारांत जी ऊर्जा मोकळी होते तिनें लिटरभर थंड पाणी उकळीस आणतां येईल. त्यांतील बराच भाग वारा घेतो, परंतु उरलेली सर्व उष्णता त्या चार लहानशा रबरांतून व दोन रिमांतून बाहेर पडावयाची असते. घाट उतरून आल्यावर रिमेस बोट लावून पाहावें—जपून पाहावें !—म्हणजे हें पटेल.

एवढें समजल्यावर दुरुस्तीकडे वळूं. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे रिम धुणें. गरम पाणी, साबण व जुना दांत घासण्याचा ब्रश घेऊन रिमेच्या दोन्ही बाजू स्वच्छ कराव्या; कोरड्या झाल्यावर स्वच्छ फडक्यास थोडें स्पिरिट लावून पुसाव्या. फडकें काळें निघेनासें होईपर्यंत पुसावें. पुष्कळ मुलें या कामास रॉकेल वापरतात. रॉकेलानें तेल विरघळतें हें खरें, पण तें स्वतःही एक पातळ थर मागें ठेवतें. म्हणून रॉकेल वापरलेंच तर नंतर साबण व स्पिरिट यांनीं पुन्हां पुसणें भाग आहे. साखळीस तेल देतांना मागच्या रिमेवर जुना कागद धरावा, आणि डबी उलटी करून धार सोडण्याऐवजीं एकेका सांध्यावर एकेक थेंब सोडावा. आमच्या पाहण्यांतील निम्मे “बिघडलेले” ब्रेक हे साखळीच्या तेलाचे बळी होते.

रिम ॲल्युमिनियमची असेल तर अगदीं बारीक पॉलिशपेपर हलक्या हातानें फिरविल्यास जुना चिकट थर निघतो. परंतु चकचकीत मुलामा दिलेल्या लोखंडी रिमेवर पॉलिशपेपर कधींही घासूं नये. मुलामा जातो आणि त्याखालीं गंज धरतो. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचा महापूर सांगलींत शिरला, तेव्हां आमच्या घरची जुनी लोखंडी रिमांची सायकल कित्येक दिवस पाण्याखालीं होती. पूर ओसरल्यावर ती धुऊन वापरण्याचा आम्हीं प्रयत्न केला. गंजलेली रिम ब्रेकला एका जागीं एकदम धरी, दुसऱ्या जागीं सोडी, आणि रबरें कानशीनें घासावीं तशीं झिजून जात. अशा रिमेवर उपाय नाहीं. ती बदलावी, आणि बदलावयाचीच तर ॲल्युमिनियमची घ्यावी. कारण ओल्या लोखंडी रिमेवर साध्या रबराची पकड कोरड्या वेळेच्या दशांशाइतकीही खालीं येऊं शकते. ॲल्युमिनियमवरही पावसांत पकड कमी होतेच, पण इतकी नाहीं. आमच्या विद्यार्थ्याचा अपघात नेमका या ठिकाणीं झाला : लोखंडी रिम, पहिला पाऊस, तेल, आणि एकच ब्रेक.

नंतर रबरें. सायकलीच्या दुकानांत तीं थोडक्या पैशांत मिळतात, म्हणून जुनीं कठीण रबरें जपून ठेवण्यांत शहाणपण नाहीं. नखानें दाबून पाहावें; नख मुळींच रुतत नसेल व वरचा पृष्ठभाग चकाकत असेल तर प्रथम तीं काढून खरखरीत पॉलिशपेपरावर किंवा फरशीवर घासावीं. चकाकी जाऊन काळें मऊ अंग दिसलें तर कांहीं महिने निघतील. न दिसल्यास बदलावीं. ॲल्युमिनियमच्या रिमेवर चालणाऱ्या रबरांत वाळूचे कण व धातूच्या बारीक कपच्या रुतून बसतात. ब्रेक लावतांना खरखर आवाज येऊं लागला कीं तोच त्याचा अर्थ. टांचणीनें त्या कपच्या एक एक उकरून काढाव्या. हें काम कंटाळवाणें आहे, पण न केल्यास तीं रबरेंच रिम खाऊन टाकतात. राळ किंवा असलेंच कांहीं चिकट रिमेवर लावण्याची एक युक्ति मुलांमध्यें फिरत असते. ती करूं नये. असा ब्रेक लागतो तेव्हां झटक्यानें लागतो आणि एकदां तापला कीं लागतच नाहीं.

रबर बसवितांना तें रिमेच्या ज्या सपाट पट्टीवर लागावयास हवें तेथेंच पुरतें लागतें कीं नाहीं हें डोळा जवळ नेऊन पाहावें. वर सरकलें तर टायर कापतें; खालीं सरकलें तर एखाद्या दिवशीं रिमेखालीं घसरून स्पोकांत अडकतें, आणि त्याचा परिणाम सांगावयास नको. रबराची पुढची कड मागच्या कडेपेक्षां किंचित् आधीं टेकावी. यासाठीं मागच्या कडेखालीं पोस्टकार्डाचा तुकडा धरून, ब्रेक दाबलेला ठेवून, नट आवळावा व मग तुकडा काढून घ्यावा. ब्रेकचें किंचाळणें बहुधा एवढ्यानें थांबतें. रिम व रबर यांमध्यें दोन-तीन मिलिमीटर फट पुरे.

फट एवढी कमी ठेवावयाची तर चाक सरळ फिरलें पाहिजे. चाक डुलत असेल तर दुकानांत नेऊन त्याचा आउट काढून घ्यावा. हें काम घरीं करण्यासारखें आहे, पण शिकल्यावांचून नव्हे; आमच्या पहिल्या प्रयत्नांत वर्तुळाकार चाक लंबवर्तुळाकार झालें होतें. डुलणाऱ्या चाकास रबर लागूं नये म्हणून लोक ब्रेक ढिला करून ठेवतात, आणि मग मूठ हँडलास टेकली तरी रबर रिमेवर नीट बसत नाहीं.

तारेकडे बहुतेक कोणाचें लक्ष जात नाहीं, कारण ती नळींत लपलेली असते. नळींत सरकणाऱ्या या तारेचें पेटंट अर्नेस्ट बाउडेन या इंग्रज गृहस्थानें १८९६ मध्यें घेतलें. आजच्या सायकलींतही तीच रचना आहे. तिचें मर्म असें कीं, तार ओढली जाते तेव्हां बाहेरची नळी तितकीच दाबली जाते. नळी मऊ, पिचलेली किंवा वेडीवांकडी वळलेली असेल तर बोटांचा जोर नळी चेपण्यांत जातो, ब्रेकपर्यंत पोंचत नाहीं. म्हणून तार बदलतांना नळीही बदलावी, ती जरूरीपेक्षां लांब किंवा आंखूड ठेवूं नये, तिचें टोंक काटकोनांत सरळ कापावें आणि आंत दोन थेंब पातळ तेल सोडावें. मुठीजवळ, जेथें तारेची गोळी अडकते, तेथें एक जरी धागा तुटलेला दिसला तरी ती तार त्याच दिवशीं बदलावी; ती तुटते ती जोरानें दाबल्या वेळीं, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हां.

हाताच्या मुठी पातळ प्लॅस्टिकच्या असतील व दाबतांना वांकत असतील तर धातूच्या बसविणें हा थोड्या खर्चांतला चांगला बदल आहे. मात्र नव्या सायकलींतील उभ्या लांब बाहूंच्या ब्रेकला तार अधिक ओढणारी मूठ लागते. जुन्या चिमटा-ब्रेकची मूठ त्यास लावूं नये. आणखी एक फुकटचा उपाय : बोटें मुठीच्या टोंकाकडे ठेवावीं. दाराची कडी बिजागरीपासून दूर कां बसवितात याचा विचार केल्यास कारण सांपडेल.

आतां पुढच्या ब्रेकचें भूत. सायकल थांबूं लागली कीं स्वाराचें वजन पुढें झुकतें. पुढचें चाक रस्त्यावर अधिक दाबलें जातें आणि मागचें हलकें होतें. हलक्या झालेल्या चाकाला कितीही चांगला ब्रेक लावला तरी तें फरफटत जावयाचें. म्हणून कोरड्या रस्त्यावर पुढचा एकटा ब्रेक मागच्या एकट्याच्या सुमारें दुप्पट काम करतो. डोक्यावर पडण्याची भीति अगदींच खोटी नाहीं; हात सैल ठेवून, अंग पुढें टाकून पुढचा ब्रेक एकदम आवळला तर तसें होतें. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा क्रमाक्रमानें वाढवीत, हात ताठ आणि अंग सीटच्या मागच्या बाजूस नेऊन दाबावे, म्हणजे तसें होत नाहीं. मैदानावर आठ-दहा वेळां सावकाश करून पाहिलें कीं हात शिकतो. वाळूवर, ओल्या पानांवर किंवा वळणांत मात्र पुढच्या ब्रेकचा जोर कमी ठेवावा. वेग वळणाच्या आधींच कमी करावयाचा असतो.

पावसांत निघाल्यास ब्रेकची गरज पडण्याच्या पुष्कळ आधीं रबरें रिमेस हलकीं टेकवावीं. चाकाच्या कित्येक फेऱ्यांनंतर पाणी पुसलें जाऊन पकड येऊं लागते. तेवढें अंतर हातांत ठेवून चालावें. लांब घाटांत सारा वेळ ब्रेक धरून ठेवण्यापेक्षां थोडा वेळ नीट दाबून वेग उतरवावा, मग सोडून वाऱ्यास रिम थंड करूं द्यावी. तापलेलें रबर पुन्हां चकाकी धरतें. रिम फार तापली असें वाटल्यास थांबावें. यवतेश्वरच्या वळणावरून खालीं सातारा व समोर अजिंक्यतारा पाहात दहा मिनिटें काढण्यास कोणाची हरकत असूं नये.

दुरुस्ती झाली कीं नाहीं हें अंदाजानें ठरवूं नये. प्रथम उभ्या सायकलीवर दोन्ही मुठी पूर्ण जोरानें आवळून पाहाव्या. तार सरकणार असेल तर ती येथेंच सरकूं द्यावी. मग मोकळ्या मैदानांत चुन्याची रेघ ओढून, रोजच्या वेगानें येऊन, रेघेवर ब्रेक दाबावा व पुढचें अंतर पावलांनीं मोजावें. आम्हीं दहावीच्या मुलांकडून दुरुस्तीपूर्वी व दुरुस्तीनंतर असें मोजून घेतलें. बहुतेकांचें अंतर उघड उघड कमी झालें. दोघांचें झालें नाहीं, कारण त्यांनीं रबरें बदललीं होतीं पण रिम पुसली नव्हती.

हाड सांधल्यावर आमच्या जखमी विद्यार्थ्यानें आपल्या सायकलीचे दोन्ही ब्रेक स्वतः उघडून पुन्हां बसविले, आणि त्याच आठवड्यांत त्याचे वडील आपली सायकल घेऊन आमच्या ओट्यापाशीं आले. ती जुन्या धर्तीची, तारेऐवजीं सळयांनीं ब्रेक ओढणारी; मागें दोहों बाजूंस दुधाचे कॅन. अशा ब्रेकचीं रबरें रिमेच्या कडेवर न लागतां केंद्राकडील आंतल्या अंगावर वर ओढून लागतात. तिच्यांत गंजण्यास नळी नाहीं हा गुण. सांधे पुष्कळ हा दोष. प्रत्येक सांध्याची थोडी थोडी ढिलाई मिळून मूठ अर्धी वर येईपर्यंत रबर जागचें हलत नव्हतें. सळईच्या कळीचा नट सोडून सळई बोटभर वर घेतली, झिजलेल्या खिळी बदलल्या, सांध्यांस तेल दिलें. मागच्या चाकाचा ब्रेक मात्र तरीही वांकडा लागे. साखळी ताणण्यासाठीं त्यांनीं चाक मागें सरकविलें होतें आणि ब्रेक होता तेथेंच राहिला होता. चाक सरकविलें कीं रबरेंही पुन्हां जुळवावीं लागतात हें त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें. भरलेल्या कॅनांचें वजन सुमारें ४० किलो, म्हणजे रिकाम्या सायकलीवर जेथें थांबतां येतें त्याच्या बरेंच पुढें थांबणें व्हावयाचें. तें त्यांनीं मान हलवून ऐकून घेतलें आणि विचारलें, “मग सर, रेघ कुठं ओढायची ?” मुलगा चुन्याची डबी आणावयास गेला होता.